खुडूक कोंबडी वेगळी बसवा, पण नजरेआड करू नका

पत्र :
मावशी, नमस्कार. चोपडा तालुक्यात आमच्या मळ्यात आठ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली तांबडी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसू लागली. पंधरा दिवस साठवलेली चौदा अंडी तिच्याखाली ठेवली. पत्र्याच्या खुराड्यातच, सगळ्या जणी अंडी घालतात तिथेच. तीन पिल्लं निघाली. उरलेली अंडी फोडून पाहिली तर बरीचशी नासलेली होती, आणि चार अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं मरून पडली होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिनातलं एक पाण्याच्या परातीत बुडालं, एक दुसऱ्या कोंबडीनं टोचून मारलं. उरलेल्या पिल्लाला आईसकट दोन महिने मागच्या खोलीत कोंडून वाढवलं. बाहेर सोडलं तर सगळ्या कोंबड्या दोघांवर तुटून पडल्या. आता दसऱ्यापासून तांबडी पुन्हा खुडूक आहे. सासूबाई म्हणतात, नाकात पीस घाल, पाण्यात बुचकळून काढ, लगेच अंड्यावर येईल, म्हणजे पुन्हा अंडी घालू लागेल. घरधनी म्हणतात, अंडी उबवायचं मशीन आणू. मला तिला बसवायचंय, पण पुन्हा तसे जीव जायला नकोत. काय करू?
– एक वाचक भगिनी

उत्तर :
ताई, तांबडीला बसवा. वेळ चांगली साधली आहे. आखाजीला जे झालं त्यात तांबडीचा काही दोष नव्हता, आणि तुमचं चुकलं ते कुणी सांगितलं नव्हतं म्हणून चुकलं. तुमच्या पत्रातच सगळी कारणं लिहिलेली आहेत, ती एकेक करून पाहू.

आधी नाकातल्या पिसाचं. कृपा करून ते करू नका. खुडूक होणं हा आजार नाही आणि हट्टही नाही. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की कोंबडीचं अंडं घालणं थांबतं, छातीवरची पिसं विरळ होतात, तिथली कातडी गरम राहते आणि तिला बसून राहावंसं वाटतं. नाकात पीस खुपसलं की ती दिवसभर त्या पिसाशी झगडते, जखम होते, कधी ती चिघळते. पाण्यात बुचकळल्यानं थंडी तेवढी बाधते. कुणाला खरंच पिल्लं नको असतील तर खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, गवत न घालता, दाणापाणी समोर ठेवून तीन-चार दिवस ठेवावी. बूड गार राहिलं की बहुतेक कोंबड्या उठतात. पण सासूबाईंची काळजी खोटी नाही, तेही सांगते. अंड्यांवरचे २१ दिवस आणि पुढे पिल्लांमागचे सहा ते आठ आठवडे धरले तर तांबडी जवळजवळ अडीच महिने अंडं देणार नाही. एवढं घराला परवडत असेल तरच बसवा, आणि हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

आता आखाजीची चौदा अंडी. माझी माय अमळनेरकडच्या खेड्यात वैशाखातही कोंबडी बसवायची आणि पिल्लं निघायची, म्हणून हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर घराच्या छपरात सापडलं. आमचं घर धाब्याचं होतं. वर हातभर माती, भिंती जाड. बाहेर आग ओतत असली तरी आतल्या कोपऱ्यात गारवा असायचा, आणि माय अंडी ठेवायची ती दादरच्या (ज्वारीच्या) कोठीत, दाण्यांत पुरून. आज आपल्याकडे पत्रे आले. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. अंड्यातल्या जीवाला हवेत साधारण साडेसदतीस अंश. सगळं अंडं चाळिशीच्या पुढे तापत राहिलं तर जीव टिकत नाही. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, अंड्यांवरून उठून बाजूला उभी राहते, आणि आपल्याला वाटतं ती नीट बसत नाही.

दुसरं कारण साठवण. अंडं कोंबडीखाली गेल्यावरच जीव वाढायला लागतो असं आपण धरतो. पण चोवीस-पंचवीस अंशांच्या पुढे गेलं की ते हळूहळू, अर्धवट वाढायला लागतं. स्वयंपाकघरात चाळीस अंशांत पंधरा दिवस पडलेल्या अंड्यात ती वाढ सुरू होते, पुरी उब मिळत नाही, आणि जीव तिथेच संपतो. ही अंडी मग कोंबडीखाली नासतात. आपल्याकडे उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं आणि हिवाळ्यात सात दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवायला ठेवू नये.

आणि ती चार पूर्ण वाढलेली पिल्लं. त्यांच्याविषयी तुम्ही ज्या तऱ्हेनं लिहिलंय ते वाचून मलाही थांबावं लागलं. तांबडी सगळ्यांच्या जागी बसली होती, त्यामुळे बाकीच्या जणी तिच्याखाली रोज नवी अंडी घालत गेल्या. कुठलं अंडं पहिल्या दिवसाचं, कुठलं पाचव्या, ते तिला काय कळणार? पहिली पिल्लं निघाली की ती एक-दोन दिवस वाट पाहते, मग हिंडायला लागलेल्या पिल्लांमागे उठते. मागे राहिलेली अंडी चार-पाच दिवसांनी उशिरा आलेली असतात. ती गार पडतात. आईनं त्यांना टाकलं असं म्हणू नका, तिला निघालेल्यांकडे जावंच लागतं.

म्हणून बसवताना तिची जागा वेगळी हवी. पण मागच्या खोलीसारखी लपलेली नको, आणि या पत्राला उत्तर देण्याचं माझं मुख्य कारण तेच आहे. कोंबड्यांत मान ठरलेला असतो. कोण आधी दाण्यावर येणार, कोण कुणाला टोचणार, कोण बाजूला सरणार, हे सगळं रोजच्या रोज एकमेकींना पाहून टिकतं. एखादी दोन महिने दिसेनाशी झाली की परत येते ती परकी म्हणून. मग तिला आपली जागा नव्यानं भांडून मिळवावी लागते, आणि पायात पिल्लू असलं की तिचं भांडण अर्धवट राहतं. तुमच्या तांबडीचं तेच झालं. पिल्लू वाचावं म्हणून कोंडलंत आणि त्या कोंडण्यानंच दोघं परकी झाली.

तेव्हा खुराड्याचाच एक कोपरा जाळीनं वेगळा करा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, कारण कोंबड्यांच्या जाळीच्या मोठ्या भोकांतून पिल्लू बाहेर येतं आणि उंदीर आत जातो. मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळीचा काठ वीतभर मातीत पुरा. त्या कोपऱ्यात रुंद टोपलं किंवा केळीचं प्लास्टिक क्रेट ठेवा. तळाला दोन बोटं कोरडी माती, तिच्यावर चुलीची थोडी राख, मग वाळलेलं गवत नाहीतर केळीची वाळलेली पानं. मधे खोलगट करा म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. राखेचा उपयोग उवा-पिसवांसाठी. बसलेली कोंबडी तीन आठवडे धुळीत फारशी लोळत नाही, आणि तिच्या अंगावर पिसवा झाल्या तर ती अर्ध्यातून उठते. बसवण्याआधी तिच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पाहून घ्या.

तिला हलवायचं ते रात्री, अंधारात. दिवसा हलवलेली कोंबडी पुन्हा जुन्या जागेकडे धावते. पहिले दोन दिवस तिच्याखाली दोन खोटी अंडी ठेवा. प्लास्टिकची मिळतात, नाहीतर अंड्याएवढे गुळगुळीत दगडही चालतात. ती तिथे रुळली, हात नेला की फुगून गुरगुरायला लागली, की खरी अंडी एकाच रात्री, एकदम ठेवा.

अंडी निवडताना थोडी काटेकोर राहा. मध्यम आकाराची, गुळगुळीत, न तडकलेली. मळलेली अंडी धुऊ नका. धुतलं की कवचावरचं संरक्षक आवरण जातं आणि घाण छिद्रांतून आत शिरते. जास्त मळलेलं अंडं सरळ खायला घ्या. तांबडी गावरान आहे, म्हणजे अंगानं लहान. तिच्याखाली नऊ-दहा अंडी पुरे. चौदा तिच्या अंगाखाली मावतच नव्हती. कडेचं एखादं आज गार पडतं, ती ते आत ओढते, उद्या दुसरं बाहेर जातं, आणि शेवटी सगळ्यांनाच थोडी थोडी झळ लागते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली करा. बिनफुलीचं दिसलं की ते नंतरचं, लगेच काढून घ्या. आठ कोंबड्यांना एक कोंबडा आहे तो पुरेसा आहे, त्यामुळे अंडी फळलेली नसतील अशी शंका धरू नका. मात्र तो त्याच घरातला, त्याच कोंबड्यांच्या पोटचा असेल तर पुढच्या खेपेआधी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाशी कोंबडा अदलाबदल करून घ्या. रक्त जवळचं झालं की अंड्यांतच जीव कमी धरतो.

कोजागरीच्या रात्री अंडी ठेवलीत तर हिशोब सोपा पडतो. दसऱ्यापासून कोजागरीपर्यंतचीच अंडी घ्या, म्हणजे कुठलंही पाच दिवसांपेक्षा जुनं नसेल. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर अंड्याचं जाड टोक धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला की अंडं जिवंत. नुसता पिवळसर उजेड आरपार दिसला तर ते फळलेलं नाही. कडेला एक लाल कडं दिसलं तर जीव धरून गेलेला आहे. ही दोन्ही काढून टाका. नासलेलं अंडं तिच्याखाली फुटलं तर त्याची घाण सगळ्या अंड्यांना लागते. चौदावा दिवस नरकचतुर्दशीच्या आसपास येतो. त्या रात्री पुन्हा एकदा पाहा, आणि पोरांना सांगून ठेवा की फटाके खुराड्याच्या बाजूला नकोत. दचकून उडालेल्या कोंबडीच्या पायाखाली अंडी फुटतात. अठराव्या दिवसापासून मात्र अंड्यांना हात लावायचा नाही. पिल्लं पांडवपंचमीच्या सुमाराला येतील, तिथी एखादा दिवस मागेपुढे होईल.

या दिवसांत ती दिवसातून एकदाच उठेल, पंधरा-वीस मिनिटं. पाणी पिईल, दाणे खाईल, आणि एकच मोठी, फार घाण वासाची विष्ठा टाकेल. त्याला घाबरू नका, दिवसभर धरून ठेवलेली असते. अंडी उघडी पडली म्हणून तिला धरून परत बसवू नका, तेवढा गारवा त्यांना सोसतो. एखादी कोंबडी उठतच नाही. तशी असेल तर तिला दोन्ही हातांनी उचलून दाण्यापाशी ठेवायचं. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, ते चाचपून घ्या. माझ्या हातून असंच एक अंडं विसाव्या दिवशी खाली पडलं होतं आणि त्यातलं पिल्लू जिवंत होतं. तेव्हापासून मी आधी हात घालून पाहते, मगच उचलते.

पिल्लू निघायला लागलं की आपल्या हातांना चैन पडत नाही. कवचाला पहिली टीच पडल्यावर पूर्ण बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. त्या वेळात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या शिरांतलं रक्त अंगात घेत असतं. आपण घाईनं कवच सोललं तर तेच रक्त वाहून जातं. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस काही न खाता राहतं, म्हणून पहिल्या पिल्लाला खाऊ घालायची घाई नको. आईला उठवू नका, मागची येऊ द्या.

परातीत बुडालेल्या पिल्लासारखं पुन्हा होऊ नये म्हणून पाणी मातीच्या उथळ पणतीत किंवा बशीत द्या आणि त्यात खडे टाका. खड्यांमधलं पाणी त्यांना पिता येतं, बुडता येत नाही. खायला पहिले काही आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सगळ्यांत चांगलं. आईलाही तेच चालतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र पिल्लांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. स्टार्टर संपलं तर ज्वारी-मक्याची बारीक कणी, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, आणि मळ्यात वाळवीचं ढेकूळ सापडलं तर ते आईसमोर फोडून ठेवा. मग तुम्हाला एक गोष्ट दिसेल. ती स्वतः खाणार नाही. चोचीत धरेल, टाकेल, परत उचलेल, कुकुक् करत राहील, आणि पिल्लं धावत येऊन तिच्या चोचीखालून उचलतील. काय खायचं आणि काय नाही हे पिल्लाला असं कळतं. घार दिसली की ती निराळाच एक लांब आवाज काढते आणि पिल्लं असतील तिथे दबून बसतात. मी मशीन नको म्हणते ते यासाठी. मशीनमध्ये अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, वीज गेली तर सगळं जातं, पुढे तीन-चार आठवडे बल्बची उब द्यावी लागते, आणि एवढं करून वाढवलेली पिल्लं कळपात सोडायची वेळ आली की त्यांच्या बाजूनं भांडायला कुणी नसतं. आठ कोंबड्यांच्या घरात ते पैसे जाळीला लावा.

पाचव्या ते सातव्या दिवशी, ऊन चांगलं पडलं की, जाळीचं दार उघडा आणि तुम्ही तिथेच काहीतरी निवडत बसा. तोपर्यंत बाकीच्या कोंबड्यांनी पिल्लांना जाळीतून पाहिलेलं असतं, आणि तांबडी त्यांना रोज दिसत होती, म्हणून ती परकी नसते. एखादी टोचायला येईल. तांबडी पिसं फुलवून, पंख खाली सोडून तिच्यावर जाईल. तेव्हा मधे पडू नका. दोन-तीन वेळा असं झालं की बाकीच्या अंतर ठेवतात. कोंबड्याची भीती धरू नका, तो क्वचितच पिल्लांना त्रास देतो. खरा धोका असतो तो दुसऱ्या खुडूक कोंबडीचा, आणि तांबडी कळपात अगदी खालच्या मानाची असेल तर तिचा. दबणारी आई पिल्लांना वाचवू शकत नाही. तसं दिसलं तर दार पुन्हा लावा आणि आठवडाभर थांबा.

अंगणात एक क्रेट पालथं घालून त्याच्या एका बाजूला पिल्लू जाईल एवढीच फट कापा आणि पिल्लांचं खाणं त्याच्या आत ठेवा. मोठ्या कोंबड्यांपासून पळून जायलाही तीच जागा होते. शिक्रा आणि कावळ्यांसाठी बोरीच्या काटेरी फांद्या दोन-तीन ठिकाणी रचून ठेवा, पिल्लं झटकन खाली शिरतात. कोपऱ्यात अडकतील अशा अरुंद बोळी बंद करा. एखादी कोंबडी मागे लागली की पिल्लू तिथेच सापडतं.

आता लस. हे आवर्जून लिहिते, कारण मायच्या काळी मानमोडी (राणीखेत रोग) आली की अख्खं खुराडं रिकामं व्हायचं आणि आम्ही नशिबाला बोल लावून गप्प बसायचो. पहिल्या आठवड्यात, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, मानमोडीवरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा. पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस आणि मानमोडीची टोचायची लस. ही लस शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांच्या बाटलीत येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी एकटीनं आणण्यापेक्षा गल्लीतल्या चार घरांनी एकाच संध्याकाळी जमून द्या. बाटली बर्फातून आणा. वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून घ्या.

आणि दारावर टोपलीतून रंगीत पिल्लं विकायला येतात ती या कळपात आणू नका. नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू आला, २०२१ मध्ये पुन्हा आला, आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ते सगळं आपल्या खान्देशातच झालं. कुठलीही नवी कोंबडी आधी महिनाभर दूर, वेगळ्या जागी ठेवावी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या पुरायची घाई न करता आधी दवाखान्याला कळवा.

सहाव्या-आठव्या आठवड्यात एक दिवस तांबडी पिल्लांना टोचायला लागेल, त्यांना सोडून उंच दांडीवर झोपायला जाईल. तुम्हाला वाईट वाटेल. तिला पुन्हा अंड्यावर यायचं असतं, एवढंच. पिल्लं तोवर कळपातलीच झालेली असतात, क्रेटच्या फटीतून खातात आणि रात्री एकमेकांना चिकटून बसतात. पौषातली थंडी आपल्याकडे कडक असते, तेव्हा त्यांच्या कोपऱ्याला रात्री पोतं लावा. वरच्या बाजूला हवेसाठी वीतभर जागा उघडी राहू द्या, आणि खालचं गवत ओलं राहू देऊ नका. ओल्या गवतातूनच रक्ती हगवण लागते.

सातव्या रात्री बॅटरीवर किती अंड्यांत शिरा दिसल्या तेवढं मला कळवा. पाचपेक्षा कमी अंड्यांत दिसल्या तर कोंबड्याचं काय करायचं ते पुढच्या पत्रात पाहू.